पेस्टला दोष, पिनेची चूक

यावेळी आलेल्या प्रश्नांपैकी निम्म्याहून जास्त प्रश्न थर्मल पेस्टचे, म्हणजे प्रोसेसर आणि त्याच्यावरचा कूलर यांच्या मधे लावतात त्या पेस्टचे निघाले. कारण उघड आहे, सुट्टी लागली, पोरांनी अभ्यासाच्या नावाखाली घरच्यांना पीसी घ्यायला लावला, ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून पार्ट आणले, घरीच बसवले, आणि बाहेर ठाण्यात असा उकाडा की माणसालाच कूलर लावायची वेळ आलीय. म्हणून हा अख्खा कॉलम त्या एका करड्या चिकट पदार्थाला देऊन टाकतो. नेहमीचे प्रिंटर आणि वायफायवाले पुढच्या अंकात, रागावू नका.

प्रश्न : दादा, मी ऐरोलीला राहतो, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. इंटेलचा आय ५ १२४०० प्रोसेसर घेतला, कूलर बॉक्समधलाच. पहिल्यांदा बसवला तेव्हा सगळं ठीक होतं. मग केबल नीट लावायला हात जाईना म्हणून कूलर काढला आणि तोच परत दाबून बसवला, पेस्ट होतीच त्याच्यावर म्हणून नवीन लावली नाही. आता नुसतं विंडोज उघडलं तरी टेंपरेचर ७०, गेम लावला की दोन मिनिटात १००, आणि फॅन असा ओरडतो की आई किचनमधून विचारते मिक्सर कोणी लावला. मित्रांमध्ये एक म्हणतो वाटाण्याएवढी पेस्ट लाव, एक म्हणतो फुली मार, एक म्हणतो एटीएम कार्डाने सारवून घे. नक्की काय करू? प्रोसेसर गेला तर नसेल ना?

उत्तर : प्रोसेसर गेलेला नाही, पहिलं ते डोक्यातून काढ. या चिपची मर्यादाच १०० अंशांची आहे, तिथे पोचली की ती आपणहून स्पीड कमी करते आणि तरीही भागलं नाही तर मशीन बंद करून टाकते. पूर्वी हे लाड नव्हते. २००१ च्या सुमाराचे एएमडीचे अथलॉन चालू मशीनवर कूलरशिवाय राहिले तर काही सेकंदात खलास व्हायचे, धुरासकट. तुझ्या चिपला स्वतःची काळजी घेता येते, तू फक्त गेम थांबव आणि पुढचं वाच.

तुझ्या तिन्ही मित्रांचं भांडण नक्षीवरून चाललंय, आणि मला वाटतं तुझा घोटाळा नक्षीत नाहीच, तो कूलरच्या चार पायांत आहे. जुनी पेस्ट परत वापरलीस ही चूक आहेच, एकदा दाबून उचललेली पेस्ट परत दाबली की मधे हवेचे फुगे अडकतात, पण नुसत्या तेवढ्याने रिकाम्या विंडोजला ७० सहसा जात नाही. ७० जातंय म्हणजे कूलर एका बाजूने उचललेला असणार. इंटेलच्या बॉक्स कूलरला ज्या चार प्लास्टिकच्या पिना असतात ना, त्यातली एखादी भोकात पूर्ण गेलेलीच नसते आणि वरून बघितलं तर चारही सारख्याच दिसतात, हीच तर गंमत. मशीन बंद कर, वायर भिंतीतून काढ, कॅबिनेटची मागची पत्र्याची बाजू उघड आणि मदरबोर्डच्या पाठीमागून टॉर्च मारून बघ. बहुतेक कॅबिनेटला तिथे खिडकीसारखा कट दिलेला असतो. चारही भोकांतून पांढऱ्या प्लास्टिकचे पाय बाहेर येऊन फाकलेले आणि त्यांच्या मधे काळी पिन घुसलेली दिसली पाहिजे. एखादा पाय आतच असेल किंवा बाहेरच्या बाहेर दुमडला असेल तर चोर सापडला.

आता मुळात ही पेस्ट करते काय ते एकदा समजून घे म्हणजे मित्रांना उत्तर देता येईल. प्रोसेसरचं झाकण आणि कूलरचा तळ दोन्ही हाताला गुळगुळीत लागतात पण बारीक नजरेने बघितलं तर सह्याद्रीच आहे, डोंगर आणि दऱ्या. दोन्ही एकमेकांवर ठेवले की फक्त शिखरं टेकतात आणि दऱ्यांमध्ये हवा राहते, आणि उष्णता पुढे ढकलायच्या बाबतीत हवेसारखी आळशी गोष्ट नाही. आकड्यात सांगतो. उष्णता वाहून नेण्याचं जे माप आहे त्यात तांबं साधारण ४००, अॅल्युमिनियम दोनशेच्या पुढे, बरी पेस्ट ४ ते ८, आणि हवा ०.०२६. म्हणजे पेस्ट हवेच्या शेकडो पट चांगली पण तांब्याच्या पन्नास-शंभर पट वाईट. म्हणून ती दऱ्या बुजवण्यापुरतीच हवी, डोंगरावर थर नको. भिंत बांधताना गवंडी सिमेंटचा थर देतो तसलं हे काम नाही, इथे जितकं पातळ तितकं बरं.

हिशोब पण करून बघ, सोपा आहे. तुझी चिप जोरात असताना १०० वॉट सोडते असं धरू (कागदावर ६५ लिहिलेत पण टर्बोत, म्हणजे पूर्ण जोरात पळताना, ती ११७ पर्यंत जाऊ शकते), टेकणारी जागा १० चौरस सेंटिमीटर धरू, आणि पेस्ट मधल्या दर्जाची, माप ५. थर ०.०५ मिलिमीटर असला तर त्या थरात वाया जातो १ अंश. पेस्ट थापून थर चौपट केलास तर ४ अंश. आणि त्याच ०.०५ च्या फटीत पेस्टऐवजी हवा असली तर उत्तर येतं १९० अंशांच्या वर, म्हणजे चिप त्याच्या कितीतरी आधीच हात टेकणार. खऱ्या चिपमध्ये उष्णता सगळीकडे सारखी नसते, एका कोपऱ्यात जास्त तापते, त्यामुळे आकडे थोडे वर जातात, पण धडा तोच राहतो. पाचची पेस्ट काढून दहाची महागडी आणलीस तर वाचणार अर्धा अंश, फार तर दोन-तीन, आणि एक पिन नीट दाबलीस तर वाचणार तीस. मी पेस्टच्या ब्रँडवर तासतास वाद घालणारी पोरं बघतो तेव्हा मला हेच सांगावंसं वाटतं की बाबांनो आधी बोर्ड उलटा करून बघा.

आता काढायचं आणि परत बसवायचं. कूलर काढताना त्या पिनांच्या डोक्यावर जो बाण कोरलेला असतो तो सोडायची दिशा दाखवतो, बसवायची नाही, यात निम्मी दुनिया फसते. बाणाच्या दिशेने फिरवून चारही पिना वर ओढून घे, कूलर सरळ उपटू नकोस, हलकेच डावीकडे-उजवीकडे फिरव मग उचल. जुनी पेस्ट आधी कोरड्या टिश्यूने पुसून घे, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. मोबाइल रिपेअरवाल्यांकडे असतं, आयपीए म्हटलं की देतात, ९९ टक्क्यांचं माग. सॅनिटायझर वापरू नकोस, त्यात ग्लिसरीन असतं आणि ते मागे तेलकट थर ठेवतं. ताईचं नेलपॉलिश रिमूव्हरही नको. कापड चष्म्याचं घे, धागे सोडणारं बनियन नको. दोन्ही पृष्ठभाग आरशासारखे झाले की परत बोट लावायचं नाही, बोटाचं तेल पण थरच आहे.

पेस्ट किती? हा वाटाणा शब्द इंग्रजी व्हिडिओतून आलाय आणि आपल्याकडे वाटाणा म्हटलं की जानेवारीतला टपोरा मटार डोळ्यासमोर येतो, तेवढी लावली तर बाजूने ओघळ येणार. भिजवलेल्या मुगाएवढी समज, चार-पाच मिलिमीटरचा थेंब, मधोमध. तुझं प्रोसेसर पॅकेज लांबट आहे, साडेसदतीस बाय पंचेचाळीस मिलिमीटर, त्यामुळे ठिपक्याऐवजी लांबीच्या दिशेने छोटी रेघ ओढलीस तरी छान. फुली मारलीस तरी चालेल. दाब बरोबर असेल तर पेस्ट आपोआप पसरते, नक्षीने एखाद-दुसऱ्या अंशापलीकडे फरक पडत नाही. कार्डाने सारवणं मला आवडत नाही कारण हाताने सारवताना लाटा राहतात आणि लाटांत हवा, पण झाकण नसलेल्या उघड्या चिपवर, म्हणजे लॅपटॉपवर वगैरे, मात्र सारवलेलंच बरं कारण तिथे एक कोपरा कोरडा राहिला तरी महागात पडतं. थोडक्यात कमी पडण्यापेक्षा जरा जास्त झालेली परवडली, जास्तीची बाजूने निघून जाते.

मग पिना बाणाच्या उलट दिशेला फिरवून सरळ करून घे, कूलर एकदाच सरळ खाली ठेव, ठेवल्यावर उचलून "पसरली का" ते बघायचा मोह टाळ, आणि पिना समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दाब, एक इकडची की दुसरी तिरकी तिकडची. चहाच्या टेबलाचे पाय आवळताना करतो तसं. प्रत्येकीचा टक् आवाज आला पाहिजे. बोर्ड थोडा वाकल्यासारखा वाटेल, तेवढा वाकतो, घाबरू नकोस. जमलं तर बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढून हे काम टेबलावर कर, मागून बघता येतं. शेवटी फॅनची चार पिनांची वायर बोर्डवर सीपीयू फॅन लिहिलंय तिथेच लाव, शेजारच्या कॅबिनेट फॅनच्या जागी नको.

आणि हो, नवीन कूलर घेतलास कधी तर त्याच्या तळाला पारदर्शक प्लास्टिकची फिल्म असते, तिच्यावर काढा म्हणून छापलेलं असतं. ती काढ. हे मी उगाच सांगत नाही. माझ्या पहिल्या टॉवर कूलरला मी ती फिल्म ठेवून पेस्ट लावली होती, तीन दिवस पेस्टवाल्याला शिव्या दिल्या, दुसरी ट्यूब आणली, ती पण त्या प्लास्टिकवरच लावली. तिसऱ्यांदा कूलर उचलला तेव्हा बायकोने लांबून विचारलं, "ते प्लास्टिक काढायचं नसतं का?" तेव्हापासून माझ्या घरात कॉम्प्युटर एक्स्पर्ट कोण यावर चर्चा होत नाही.

छापायला देईपर्यंत या मुलाने बोर्डच्या मागचा फोटो पाठवलाच. तीन पाय फाकलेले, चौथा भोकाच्या कडेला चेमटून बाहेर. नवीन पेस्ट आणि चौथी पिन आत, आता गेममध्ये सत्तरच्या खाली आहे म्हणे, आणि खोलीत ३३ असताना हे उत्तम आहे. एक लक्षात ठेव, कूलर हवेवरचा असो नाहीतर पाण्यावरचा, चिप खोलीपेक्षा थंड होऊच शकत नाही. त्यामुळे युरोपातल्या पोराचा स्क्रीनशॉट बघून रडायचं नाही, त्याच्या खोलीत २० असतात. खोलीच्या वर किती चढलं ते मोज.

प्रश्न : सर, मी खारघरहून लिहितोय. एएमडीचा रायझन ५ ३६०० प्रोसेसर आहे, चार वर्षं कूलर काढला नव्हता. काल साफ करायला जोर लावून ओढला तर कूलरला चिकटून प्रोसेसरच सॉकेटमधून बाहेर आला, सॉकेटची दांडी तर लॉकच होती. चार-पाच पिना वाकल्यात. आता भंगारात का?

उत्तर : भंगारात नाही, पण आज हात थरथरत असतील तर उद्या करा. तुमच्या बोर्डवरच्या एएम ४ सॉकेटमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या बैठकीत, पिना प्रोसेसरला असतात आणि झाकण दाबून धरणारी लोखंडी चौकट नसते, म्हणून वाळलेली पेस्ट त्याला गम लावल्यासारखी धरते आणि तुमच्यासारखे हजारो लोक नेमके असेच फसलेत. इंटेलमध्ये आणि एएमडीच्याच नव्या एएम ५ मध्ये ही भानगड नाही, तिथे वरून लोखंडी चौकट असते.

आधी प्रोसेसर कूलरपासून वेगळा करा, पण ओढून नाही. हेअर ड्रायरने कूलरच्या बाजूने थोडं गरम करा, मग प्रोसेसरच्या कडा दोन बोटांत धरून फिरवा, नाहीच आला तर दात साफ करायचा फ्लॉस मधून सरकवा. पिनांना बोट लागू देऊ नका. नंतर ०.५ किंवा ०.७ ची पेन्सिल घ्या, क्लिकवाली, शिसं काढून टाका, तिची पोकळ निब वाकलेल्या पिनेवर बसते आणि हळूहळू सरळ करता येते. रांगेतून जुनं प्लास्टिक कार्ड उभं फिरवून घेतलं तर कुठली अजून वाकडी आहे ते कळतं. पिनेला एकदाच सरळ करायची, पुढे-मागे पुढे-मागे केलं तर तुटते. शेवटी सॉकेटची दांडी उघडून प्रोसेसर ठेवला की तो स्वतःच्या वजनाने खाली बसला पाहिजे, अंगठ्याने दाबावा लागत असेल तर अजून एक पिन वाकडी आहे.

पुढच्या वेळी कूलर काढायच्या आधी दहा मिनिटं कुठलातरी जड प्रोग्राम चालवून चिप गरम करा, मशीन बंद करून वायर काढा, आणि स्क्रू सोडल्यावर कूलर चकलीचा सोऱ्या फिरवतो तसा फिरवा. फिरला की मग उचला.

प्रश्न : नमस्कार. मी नौपाड्यातली एक आई. मुलाने कॉम्प्युटर उघडून त्यात चांदीसारखं काहीतरी लावलं आणि ते बोर्डवर पण सांडलंय. तो म्हणतो काही होत नाही. मला शॉर्टसर्किटची भीती वाटते, स्विच बंद करून ठेवलाय. बरोबर केलं का?

उत्तर : ताई, स्विच बंद केलात ते एकदम बरोबर केलंत, आणि तुमचा मुलगा पण बहुतेक बरोबर आहे, पण "बहुतेक"साठी ती ट्यूब बघायला लागेल. बाजारातल्या बहुतेक पेस्ट करड्या दिसतात म्हणून लोकांना वाटतं धातू आहे, खरं तर त्यात सिलिकॉनच्या तेलात झिंक ऑक्साइड किंवा अॅल्युमिनियम ऑक्साइडसारखी पूड घोटलेली असते आणि ती वीज नेत नाही. ती बोर्डवर पडली तर दिसायला घाण, बाकी काही नाही. आयपीएमध्ये बुडवलेल्या मऊ टूथब्रशने पुसून घ्यायची, पूर्ण वाळू द्यायची, झालं.

पण ट्यूबवर लिक्विड मेटल लिहिलं असेल आणि तो पदार्थ पाऱ्यासारखा गोळ्या होऊन पळत असेल तर मात्र मशीनला हात लावू देऊ नका. त्यात गॅलियम असतं, ते वीज नेतं आणि अॅल्युमिनियमला खाऊन टाकतं, अक्षरशः भुसभुशीत करतं. साध्या बॉक्स कूलरवर तो प्रकार लावायचाच नसतो. तसं असेल तर जवळच्या दुकानात उघड्या बोर्डसकट न्या, आडवा धरून, न हलवता. रिक्षा सावकाश.

अजून एक. पेस्ट प्रोसेसर काढून खालच्या सॉकेटमध्ये गेली असेल आणि तिथे केसासारख्या बारीक सोनेरी पिना दिसत असतील तर कापडाने पुसायचा प्रयत्न करू नका, मुलालाही सांगा. एक धागा अडकला तर वीस पिना वाकतात. तिथे आयपीएचे थेंब आणि अगदी मऊ ब्रश, आणि तेही ज्याला सवय आहे त्यानेच. मुलाला ओरडू नका मात्र. दहावीत मी घरचा टेपरेकॉर्डर उघडला होता, तो अजून बंद व्हायचाय, म्हणजे झाकण.

प्रश्न : मी कळव्याचा, वय ६८, रिटायर्ड. पूर्वी अँप्लिफायर बनवायचो तेव्हाची पांढऱ्या हीट सिंक कंपाउंडची डबी अजून आहे. नातवाच्या प्रोसेसरला लावली तर? नातू हसतो, पण तोच टूथपेस्ट चालते असंही म्हणतो.

उत्तर : काका, तुमची डबी नातवाच्या टूथपेस्टपेक्षा हजार पटीने बरी. ती पांढरी पेस्ट म्हणजे पण सिलिकॉनमध्ये झिंक ऑक्साइडच, ट्रान्झिस्टर आणि रेग्युलेटरच्या खाली लावायला केलेली. नव्या पेस्टच्या मानाने ती उष्णता बरीच कमी नेते, पण वरचा हिशोब तिलाही लागू होतो, पातळ थर आणि चांगला दाब असेल तर ऑफिसच्या कामाच्या मशीनला चालून जाईल. नातू गेम खेळत असेल तर त्याच्याकडूनच नवीन ट्यूब मागवून घ्या. तुमची डबी किती जुनी आहे त्यावर पण आहे, वरती तेल तरंगत असेल आणि खाली खडू बसला असेल तर काडीने ढवळून बघा, नाही एकजीव झाली तर टाका.

टूथपेस्टचं असं आहे की ती पहिले काही तास खरंच काम करते आणि म्हणून लोक व्हिडिओ करतात. त्यात पाणी असतं, पाणी उडालं की मागे खडू राहतो, आणि मग टेंपरेचर परत वर. व्हिडिओ तोवर संपलेला असतो.

प्रश्न : वाशीहून. एएमडीचा रायझन ७००० सिरीजचा प्रोसेसर घेतला, मोठा कूलर लावला तरी रेंडरिंगला ९५ दाखवतो. तीनदा पेस्ट बदलली. काय चुकतंय?

उत्तर : काही नाही. ती चिप बनवलीच अशी आहे की जागा मिळेल तोवर स्पीड वाढवत राहायचं आणि ९५ ला जाऊन थांबायचं. कूलर चांगला असेल तर टेंपरेचर कमी होण्याऐवजी स्पीड वाढतो. खूपच खुपत असेल तर बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, कमी वीज घेणारा इको मोड आहे, तो लावा, टेंपरेचर धाडकन खाली येतं आणि कामात फारसा फरक कळत नाही. चौथ्यांदा पेस्ट बदलू नका. त्या चिपच्या झाकणाला कडेने खाचा असतात, त्यात पेस्ट गेली म्हणून बरेच जण ती काढायला काड्या घालतात, तेही नको, राहू दे तिथे.

प्रश्न : सीवूड्सला राहतो, घरूनच काम. चार वर्षांचा लॅपटॉप, मागच्या वर्षी दुकानात पेस्ट बदलून घेतली, महिना छान गेला, मग परत मांडी भाजते. भेसळीची पेस्ट लावली असेल का?

उत्तर : भेसळच असेल असं नाही. लॅपटॉपच्या चिपला वरचं धातूचं झाकण नसतं, उघड्या सिलिकॉनवर थेट तांब्याची पट्टी येते. दिवसातून दहा वेळा गरम-थंड गरम-थंड झालं की दोन्ही थोडे फुगतात-आकसतात आणि पातळ पेस्ट दर वेळी थोडी थोडी बाजूला ढकलली जाते, शेवटी मधेच टक्कल पडतं. याला पंप आउट म्हणतात. डेस्कटॉपवर उत्तम चालणारी सैल पेस्ट लॅपटॉपवर दोन महिन्यांत हरते ती याच्यामुळे. तिथे घट्ट पेस्ट तरी मागा, नाहीतर हल्ली हनीवेलचं पीटीएम ७९५० नावाचं पातळ पान मिळतं, चिपच्या मापाचं कापून ठेवायचं, साधारण ४५ अंशांना ते मऊ होऊन फटींमध्ये बसतं आणि गार झालं की परत घट्ट होतं, त्यामुळे पळून जात नाही. ऑनलाइन नकली भरपूर आहे, जरा बघून घ्या.

स्वतः करणार असाल तर आधी बॅटरीची वायर काढा. पट्टीच्या स्क्रूजवळ १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात, आवळताना त्याच क्रमाने, प्रत्येक थोडा थोडा. आणि शेजारच्या मेमरीवर जे रबरी पॅड असतात ते फाटले तर त्याच जाडीचे आणा. अर्ध्या मिलिमीटरच्या जागी दीड लावलात तर पट्टी तिथेच टेकते आणि मुख्य चिपवर दाबच येत नाही, म्हणजे फिरून परत तेच ऐरोलीवालं दुखणं. वॉरंटी शिल्लक असेल तर आधी कंपनीला विचारा, मग स्क्रू ड्रायव्हर.

प्रश्न : कोपरखैरणेवरून लिहितेय. आमच्याकडचा सीपीयू दर पावसाळ्यात तापतो. दमटपणामुळे पेस्ट खराब होते का? दर वर्षी बदलावी का?

उत्तर : ताई, तुम्ही सीपीयू म्हणजे अख्खा डबा म्हणताय ना, आपल्याकडे सगळेच म्हणतात, आता तेच बरोबर मानायची वेळ आलीय. दमट हवेने पेस्ट खराब होत नाही, ती दोन धातूंच्या मधे बंद असते. चांगली पेस्ट डेस्कटॉपवर तीन-चार वर्षं सहज जाते, पाचही जाते. दर वर्षी बदलायचं काही कारण नाही, उगाच कूलर काढ-घाल करण्यात पिना मात्र सैल होतात.

पावसाळ्यात तापतो याचं कारण मला दुसरंच वाटतं. उन्हाळाभर बाहेरच्या रस्त्याची आणि बांधकामांची बारीक धूळ आत जाऊन बसते, मग जूनमध्ये खिडक्या बंद, हवा दमट, ती धूळ ओलसर होऊन कूलरच्या धातूच्या पात्यांत नमद्यासारखी जमते, आणि हवा पलीकडे जातच नाही. अशा वेळी पेस्ट सोन्याची लावली तरी उपयोग नाही. फॅन आणि खालची धातूची पाती यांच्या मधे टॉर्च मारून बघा. करडी गोधडी दिसली तर दिवाळीच्या साफसफाईचा ब्लोअर घ्या, डबा गॅलरीत न्या, फॅनची पाती एका काडीने अडवून धरा (नुसत्या हवेने फॅन गरगर फिरवला तर त्याचं बेअरिंग जातं), आणि लांबून फुंकर मारा. ओलं फडकं नको. तुमच्या पत्राच्या शेवटी लिहिलंय की डबा देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात ठेवलाय, दार लावून. उदबत्तीची राख आणि तुपाच्या निरांजनाची काजळी खाली ओढायला तो फॅन रोज बसलेलाच आहे. तो कप्पा बदला किंवा निदान मशीन चालू असताना दार उघडं ठेवा, मागच्या बाजूला वीतभर जागा सोडा, आणि मग आठवडाभराने टेंपरेचर बघून मला कळवा. पेस्टची ट्यूब अजून आणू नका.